हरिपूरची पेवं, सांगलीची पेठ आणि नदीकाठचा व्यापार : माहिती असेल त्यांनी इथं लिहा

संगमावरचा :

मंडळी, सांगलीचा इतिहास म्हटलं की गणपती मंदिर, पटवर्धनांचं संस्थान, विष्णुदास भावे आणि आता अलीकडं महापूर, एवढ्यावर गाडी थांबते. हे सगळं आपलंच आहे, अभिमान आहेच. पण हे गाव ज्याच्या जिवावर वाढलं तो नदीकाठचा व्यापार, ती पेठ, तोलाईवाले, हमाल आणि सांगलीला लागूनच असलेल्या आमच्या हरिपूरची पेवं, याच्याबद्दल चार पानं सलग वाचायला मिळत नाहीत. आणि इकडं पेवं एकेक करून बुजत चाललीत. प्लॉट पडला की जेसीबी येतो, मुरूम ओततात, रोलर फिरवतात, झालं. खाली काय होतं याची खूण पण राहत नाही.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार, धान्याची पेवं महाराष्ट्रात बऱ्याच गावात होती पण हळदीसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर पेवं म्हटलं की हरिपूरच. वरचं तोंड एवढंसं, एक माणूस कसाबसा उतरेल इतकं, आणि आत पोट सुटत जातं रांजणासारखं. खोली चांगली वीस-पंचवीस फूट. आत विटा नाहीत, सिमेंट नाही, नुसती माती. कृष्णा आणि वारणा आमच्या इथं मिळतात, त्या दोन्ही नद्यांनी आणून टाकलेली ही माती इतकी चिवट आणि घट्ट की भिंत ढासळत नाही आणि ओल आत येत नाही. तळाला आणि कडंनी पाला, चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर दगडी फरशी ठेवून वर माती लिंपून टाकायची. आत हवा खेळत नाही म्हणून कीड जगत नाही. वर्ष-दोन वर्षं काय, त्याहून जास्त काळ हळद जशीच्या तशी राहते, आणि व्यापारी तर म्हणतात की पेवातनं काढलेल्या हळदीचा रंग जास्त खुलतो, वजन पण घटत नाही.

ज्यांच्या घरात कुणी या धंद्यात होतं त्यांनी लिहा. जुनी माणसं चाललीत, त्यांच्याबरोबर हे पण जाईल, याचीच काळजी वाटते.

गणपतीपेठ :

खूप छान विषय काढलात. आमच्या घरात तीन पिढ्या अडतीचा धंदा, आता मी नोकरीला पुण्यात पण सगळं डोळ्यासमोर आहे. मी पेठेचं सांगतो.

सांगली मुळात काय होती, तर नदीकाठचं एक साधं गाव. मिरजेच्या पटवर्धनांच्यात चुलत्या-पुतण्याचं फाटलं आणि १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब गणपतीची मूर्ती घेऊन मिरजेतनं बाहेर पडले आणि इथं राजधानी केली. गणेशदुर्ग उठला, पुढं मंदिर झालं, आणि मंदिरासमोर सरळ रुंद पेठ. आज गणपती मंदिराच्या दारात उभं राहून समोर बघा, बाजारपेठ कशी आखून काढल्यासारखी आहे ते कळतं. आपोआप वाढलेल्या गावाच्या गल्ल्या अशा नसतात. राजाला राजधानी करायची तर नुसता वाडा बांधून भागत नाही, व्यापारी आणून बसवावा लागतो, हे आप्पासाहेबांनी ओळखलं होतं. माझं मत विचाराल तर सांगलीचा खरा पाया पेठ हाच आहे.

आणि जागा बघा की. वरनं कृष्णाकाठची काळी रानं, वाळवा-मिरज तालुक्यातली हळद आणि गूळ, खालनं कर्नाटकाचा माल, पूर्वेला माणदेशातनं येणारी शेंग आणि कडधान्य. १९०७ ला मिरज-सांगली रेल्वे झाली तसा हा माल रेल्वेनं मुंबईकडं जायला लागला. ते स्टेशन गावाच्या पार मधोमध होतं. आता रूळ गेले, स्टेशन गेलं, चौकाला अजून सगळे स्टेशन चौकच म्हणतात, नवीन माणूस विचारतो की स्टेशन कुठाय.

कोथळीकर :

आमी नदीच्या पल्याडचे, शिरोळ तालुका, पण बाजार सांगलीचाच. आता हरिपूर-कोथळी पूल झाला म्हणून दहा मिनिटात येतोय, पण पूल न्हवता तवा नावेनं यायचं नायतर लांबनं वळसा मारून. भाजीच्या पाट्या, दुधाच्या किटल्या, माणसं सगळी एकाच नावंत. संगमेश्वराच्या श्रावणी सोमवारच्या जत्रंला तर नावाडी दिवसभर खाली बसत न्हवता. काठावरची वांगी आमची, इकलीत सांगलीत, आणि नाव सांगलीचं झालं 🙂 पण ते चालायचंच, बाजार ज्याच्या दारात त्याचं नाव.

इतिहासात नावाड्याचं कोण लिहीत न्हाई. पुलाच्या आधी हा व्यापार त्याच्याच खांद्यावर हुता.

गणपतीपेठ :

कोथळीकर, एकदम बरोबर. सांगलीला सुद्धा आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्या आधी सांगलवाडीला जायचं तर नदी नावेनंच ओलांडायची. पावसाळ्यात नदी फुगली की पलीकडचा माल पलीकडंच. तो दगडी पूल झाला आणि पश्चिमेकडचा सगळा मुलूख बारा महिने पेठेला जोडला गेला, म्हणून त्या पुलाला नुसतं स्थापत्याचा नमुना म्हणून बघू नका, पेठेच्या हिशोबानं बघा.

वाईकर :

सातारा जिल्ह्यातनं हजेरी. आमची वाई पण कृष्णेवरचीच, तुमच्या वरच्या अंगाला. वाईचं एक सांगतो जे या धाग्याला उपयोगी पडेल. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं, त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे पुराचं पाणी अंगावर आलं की त्याचे दोन भाग होऊन दोन्ही बाजूनी निघून जावं. नदीकाठी बांधायचं तर नदीशी भांडून नाही हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरं म्हणजे वाईचे घाट आळीवार वाटलेले आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, आणि कृष्णाबाईचा उत्सव प्रत्येक घाटाचा आपापला, लोक आपापल्या घाटाचं बघतात. आमचा घाट म्हणणारी माणसं आहेत म्हणून घाटाकडं कुणाचंतरी लक्ष आहे. हरिपूरच्या पेवांना आमचं म्हणणारं कोण आहे? मालक एक, हळद दुसऱ्याची, भरणारा तिसरा. माझ्या मते मुख्य अडचण तिथं आहे.

हळदीची_पोर :

मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. माझी आजी आणि आई दोघी हळदीच्या गोदामात निवडायला जायच्या. आमचं घर त्याच्यावर चाललं म्हणून लिहावंसं वाटलं.

शेतातनं हळद निघते माघ-फाल्गुनात, तिथंच काहिलीत शिजवतात, वाळवतात, मग ड्रममध्ये घालून फिरवून पॉलिश करतात. मग ती पेठेत येते. आल्यावर बायकांचं काम सुरू. हळकुंड वेगळं, गठ्ठा वेगळा, कणी वेगळी, किडकं बाजूला, मातीचा खडा बाजूला. दिवसभर पायावर बसून. सूप, चाळण आणि दहा बोटं, एवढंच हत्यार. आई नुसतं हळकुंड मोडून बघायची आणि आतला रंग बघून हा माल राजापुरी का परपेठ, म्हणजे बाहेरच्या पेठेतनं आलेला, ते सांगायची. खट् करून मोडलं तर नीट वाळलंय, वाकलं तर ओलं आहे. व्यापारी सुद्धा एखाद्या वेळी तिला विचारायचे.

हळद हाताला, नखाला, लुगड्याला, घरातल्या भिंतीला. आजीच्या हाताच्या रेषा शेवटपर्यंत पिवळ्या होत्या, कितीबी धुवा. आणि धूळ छातीत जायची ती वेगळी, खोकला घरोघरी. तोंडाला पदर बांधून काम करायच्या. हे पण लिहिलं पाहिजे, नुसतं सोनेरी पीक सोनेरी पीक म्हणून चालत नाही.

संगमावरचा :

ताई, मनापासून आभार. मी धागा काढला तो याच्यासाठीच. तुमच्या आईंना अजून त्या प्रती, ते मालाचे प्रकार आठवत असतील तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, जमेल तेवढं. हे ज्ञान कुठल्याच कागदावर नाही.

पेवात उतरणाऱ्यांचं पण असंच आहे. आमच्या गल्लीत पेव काढणारे-भरणारे गडी होते. पेव उघडलं की लगेच कोण आत उतरत नसे. फरशी काढायची, तोंड तसंच मोकळं ठेवायचं, आतली कोंदलेली हवा जाऊ द्यायची, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर आत माणसानं जायचं नाही, अजून थांबायचं. जळत राहिला तर मगच एक गडी उतरणार, आणि वर दुसरा दोरीला हात घालून त्याच्याशी सारखं बोलत राहणार. आतला बोलायचा थांबला की वरचा ओढायला लागलाच. घाई करून पेवात जीव गेलेले आहेत, म्हणून या रिवाजाला कुणी हलकं घेत नसे. हळद पाटीत भरून वर द्यायची, पाटीमागं पाटी, आत उकाडा एवढा की गडी अर्ध्या तासात पार ओला होऊन वर यायचा, मग दुसरा.

मिरजेहून :

सगळ्यांचं वाचतोय, छान चाललंय. पण एक व्यवहाराचं बोलतो, राग मानू नका. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवात पाणी शिरलं आणि लाखमोलाची हळद नासली, बरोबर? पाण्यात भिजलेल्या हळदीचं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्याच्यानंतर व्यापारी गोदामाकडं आणि कोल्ड स्टोरेजकडं वळले ते उगाच नाही. २०१९ ला तर आयर्विनला ५७ फुटाच्या वर पाणी गेलं, २०२१ ला परत पूर आलाच. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५, म्हणजे बघा किती वर. अशा ठिकाणी जमिनीखाली माल ठेवा असं आज कोण कुणाला सांगणार? पेवं गेली ती गरज संपली म्हणून गेली. जुनं ते सगळं धरून ठेवायचं म्हटलं तर जगणं अवघड होईल.

संगमावरचा :

राग कशाला, मुद्दा रास्त आहे. कोण म्हणतंय परत सगळी हळद पेवात भरा म्हणून? आजच्या पुराचं स्वरूप बघता व्यापाऱ्यानं गोदामातच ठेवावी. पण माझं म्हणणं वेगळं आहे. २००५ च्या आधी कितीतरी वर्षं ही पेवं बिनबोभाट चालली. पेवं कुठं पाडायची, नदीपासनं किती लांब, किती उंचावर, हे जुन्या लोकांनी नदी बघून ठरवलं होतं. मग पुराचं पाणी तिथंवर यायला लागलं ते का? धरणातलं पाणी सोडायचं गणित आहे, नदीपात्रात झालेली बांधकामं, भराव, ओढे-नाले बुजवलेले, पाऊस पण पहिल्यासारखा राहिला नाही, एका दमात कोसळतो. पेवात पाणी शिरलं हा पेवाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही, नदीकाठचं काय बिघडलं याचा तो पुरावा आहे. बुजवून टाकलं तर पुरावा पण गेला.

इंजिनिअर_विश्रामबाग :

वरच्या पोस्टला अनुमोदन. मी स्थापत्यवाला. पेवाचा छेद काढून बघितला तर डिझाईन फार विचारपूर्वक आहे. तोंड लहान म्हणून झाकण पक्कं बसतं आणि आत येणारी हवा कमी. पोट गोल म्हणून मातीचा दाब सगळीकडनं सारखा, कोपरा नाही त्यामुळं ढासळायला जागा नाही. जमिनीत खोल असल्यामुळं उन्हाळा असो का थंडी, आतलं तापमान फारसं हलत नाही. आत राहिलेला थोडा प्राणवायू हळदीतले किडेच संपवतात आणि मग स्वतःच मरतात, औषध नाही, धुरी नाही, वीज नाही. आज हवाबंद पिशव्यांमध्ये धान्य साठवायचं तंत्र शेतकऱ्याला शिकवतात, तत्त्व तेच.

विजेचं बिल शून्य, हे विसरू नका. कोल्ड स्टोरेजचं भाडं कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा.

गणपतीपेठ :

पैशाचा विषय निघाला म्हणून पेवाची दुसरी बाजू सांगतो. पेव म्हणजे नुसतं साठवण नाही, भावाची वाट बघायची ताकद. हंगामात माल एकदम येतो, भाव पडतात, ज्याच्याकडं ठेवायला जागा आहे तोच थांबू शकतो. हरिपूरला पेवं होती म्हणून सांगलीचा व्यापारी थांबू शकत होता, आणि म्हणून देशभरातनं हळद सांगलीकडं येत होती, निजामाबादकडची, मराठवाड्याकडची, कर्नाटकातली. पेव भरलं की पावती व्हायची आणि त्या पावतीवर बँका उचल द्यायच्या. म्हणजे माल जमिनीत आणि पैसा बाजारात फिरतोय. पुढं हळदीच्या वायद्याचा, म्हणजे पुढं द्यायच्या मालाचा भाव आधीच ठरवायचा, बाजार सांगलीत चालला, स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज. सांगलीत भाव काय निघाला हे बघून बाकीच्या पेठा हलायच्या.

सौदे उघड लिलावानं व्हायच्या आधी रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरायचा. दोन माणसं समोरासमोर, तोंडावर काही नाही, रुमालाखाली सगळं बोलणं. व्यापारात शब्दाला किंमत होती म्हणतात ती खरी, पण शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव काय चाललाय ते दिसत नसे हे पण तितकंच खरं. उघड लिलाव आला ते चांगलंच झालं. जुन्या पद्धतीचं सगळंच कौतुक मी करणार नाही.

नाट्यपंढरी :

व्यापाराच्या धाग्यात नाटकवाला घुसतोय, पण संबंध आहे. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, जन्म १८५५. त्यांचं 'शारदा' १८९९ चं. म्हाताऱ्या पैसेवाल्याशी कोवळ्या पोरीचं लग्न लावून द्यायचं, बाप पैसे घेतो, हा त्याचा विषय. संगमावरच्या पारावर बसून त्यांनी ते लिहिलं असं हरिपुरात सांगतात. मला कायम वाटतं की जिथं रोज सौदे होतात, माणसं दलालीवर जगतात, तिथं राहणाऱ्या लेखकाला लग्नातला सौदा आणि त्यातला दलाल इतका स्वच्छ दिसला यात नवल नाही. हा माझा तर्क आहे, पण नाटक परत वाचताना हे डोक्यात ठेवून बघा.

भाव्यांचं 'सीतास्वयंवर' १८४३ मध्ये सांगलीतच, आप्पासाहेबांच्या आश्रयानं. राजाश्रय गेल्यावर सांगलीत नाटक टिकलं ते तिकीट काढणाऱ्या पेठेमुळं. तेव्हा पेठ आणि नाटक ही दोन वेगळी दालनं करू नका.

मिरजेहून :

नाट्यपंढरी, वेगळाच विचार दिलात. संगमावरचा, तुमचं नदीचं म्हणणं पटलं, तेवढ्यापुरतं मागं घेतो. आमच्या मिरजेचं उदाहरण देतो मग. सतार-तंबोऱ्याची कला टिकली कारण ती चालू आहे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं भोपळे येतात, कारागीर बसलेला आहे, वाजवणारा येऊन घेऊन जातो. पेवाचं तसं नाही, वापर थांबला. मग जतन करायचं म्हणजे नक्की काय करायचं? बोर्ड लावून कुंपण घालायचं आणि आत पावसाचं पाणी आणि प्लास्टिकच्या बाटल्या, असं नको व्हायला.

हळदीची_पोर :

बोर्ड नको, हळद भरा. एका तरी पेवात दरवर्षी थोडी हळद भरायची आणि उघडायची, पोरांना बोलवून. उघडताना जो वास येतो तो बोर्डवर लिहून कळत नाही.

वाईकर :

ताईंनी लाखातलं सांगितलं. आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय ना? मानांकनाचा डबा विकताना गोष्ट विकावी लागते. ज्या मातीत ही हळद ठेवली जायची तिची गोष्ट दुसऱ्या कुणाकडं नाही. व्यापाऱ्यांनाच सांगा की हे तुमच्या फायद्याचं आहे. आमचा घाट म्हणणारा जसा लागतो तसा आमचं पेव म्हणणारा लागतो, आणि तो पेठेतनंच यायला पाहिजे, सरकारी फाईलची वाट बघत बसू नका.

गणपतीपेठ :

माझ्या ओळखीत अडतीवाले दोघं-तिघं आहेत ज्यांच्या घरात जुने वजनकाटे, मापं, मोडीतल्या चोपड्या पोटमाळ्यावर पडल्यात. २०१९ ला खालच्या मजल्यावरच्या बऱ्याच भिजून गेल्या, उरलंय ते वरचं. दिवाळीला सांगलीत येतोय तेव्हा मी स्वतः जाऊन फोटो काढतो, आणि मोडी वाचणारं कुणी या धाग्यावर असेल तर कृपा करून सांगा. पूजेच्या वेळी कुंकू लावलेली पहिली पानं असतात त्याच्यावर साल, पेढीचं नाव, सगळं असतं, तिथनं सुरुवात करू.

कोथळीकर :

आमच्या गावात एक म्हातारं नावाडी हाईत, नव्वदीकडं गेल्यात पण बोलणं खणखणीत. कुणी येणार असला तर मी गाठ घालून देतो. लवकर या म्हंजे झालं.

इंजिनिअर_विश्रामबाग :

मी पेवाचं मोजमाप करून द्यायला तयार आहे, पैसे नकोत. उघडं आणि सुरक्षित असेल असं एक पेव दाखवा, मालकाची परवानगी तेवढी आधी घ्या. आत उतरायच्या आधी हवा तपासायचं मीटर माझ्याकडं आहे. सोबत कंदील पण सोडूच, ज्यांना माहितीये त्यांच्याकडनं ती पद्धत बघायची आहे.

संगमावरचा :

आमच्या भावकीत एक पेव अजून शाबूत आहे, फरशीसकट. चुलत्यांशी बोललो, मोजायला आणि फोटो काढायला हो म्हणालेत, पुढचं पुढं म्हणाले. जुना पेव भरणारा एक गडी पण यायला तयार आहे, त्यानंच सांगितलं की पाऊस पूर्ण उघडल्याशिवाय आणि जमीन चार उन्हं खाल्ल्याशिवाय फरशीला हात लावू नका. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत धरा. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा, कोथळीला नावाडीबाबांकडं पण त्याच दिवशी जाऊन येऊ. हळदीची_पोर, आईंना घेऊन येणार असाल तर हरिपूर रोडवरनं आणायला गाडी पाठवतो.

हळदीची_पोर :

आईला विचारलं. म्हणाली, येते, पण मला आधी हळकुंड दाखवा कुठलं भरणार हाय ते.